जुन्या शिकारी रायफलची नळी साफ करताना
(आमच्या परवानाधारक ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

आमच्याकडे सफाईला येणाऱ्या रायफली बहुतेक आजोबा-पणजोबांच्या असतात. १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा आला, शिकार बंद झाली, आणि शेवटचा बार काढलेली रायफल तशीच कपाटात गेली. पुढे परवान्याचे नूतनीकरण होत राहिले, नळीकडे मात्र कोणी पाहिले नाही. आता उजेडाकडे धरून पाहिले की आत काळोख दिसतो आणि घरचे म्हणतात, ही गेली. एवढ्यात निकाल लावू नका. मळलेली नळी आणि कायमची खराब झालेली नळी साफ करण्याआधी सारखीच दिसते.

हात लावण्यापूर्वी मॅगझिन काढा, बोल्ट (नळीचे मागचे तोंड बंद करणारा सरकता दांडा) काढा, चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसते त्या खोबणीत) डोळ्यांनी पाहा आणि बोटानेही चाचपा. ‘रिकामीच आहे’ हे कोणाच्या सांगण्यावरून मानू नका. काडतुसे त्या खोलीतही नकोत. एकाच वेळी दोन रायफली उघडल्या असतील तर बोल्टची अदलाबदल होऊ देऊ नका. प्रत्येक बोल्ट आपापल्या चेंबरला जुळवलेला असतो.

आत नेमके काय साठलेले असते? दारूची काजळी, गोळीच्या वेष्टणाचे तांबे, पुन्हा काजळी, पुन्हा तांबे. प्रत्येक बारागणिक एकेक थर. फार जुन्या गोळ्यांचे वेष्टण तांबे-निकेलच्या मिश्रधातूचे असे. त्याचा लेप चंदेरी असल्याने पोलादात चटकन ओळखू येत नाही. पण सगळ्यात घातक गोष्ट डोळ्यांना दिसतच नाही, ती म्हणजे क्षार. जुन्या काडतुसांच्या टोपीत, म्हणजे बुडाशी असलेल्या, दारू पेटवणाऱ्या बारीक टोपीत, पोटॅशियम क्लोरेट असे. बार झाला की त्याचे पोटॅशियम क्लोराईड बनून नळीत बसते. ते आपल्या मिठासारखेच हवेतला ओलावा ओढून घेते, आणि कोकणातच काय, पुण्याच्या पावसाळ्यातही तेवढा ओलावा गंजाला पुरतो.

हा क्षार तेलात विरघळत नाही, रॉकेलमध्येही नाही. तो विरघळतो पाण्यात. म्हणून तेल पाजून ठेवलेली नळीसुद्धा आतून गंजते आणि मालकाला नवल वाटते. बंदुकीत पाणी म्हटले की लोक दचकतात, पण ब्रिटिश फौजेत नळीतून उकळते पाणी ओतण्याची रीतच होती. तोंड खाली करा, चेंबरच्या बाजूने लांब नळीच्या नरसाळ्याने उकळते पाणी ओता. लाकडात आणि चापाच्या यंत्रणेत ते जाऊ देऊ नका. नळी तापते, त्यामुळे उरलेले पाणी बरेचसे आपोआप उडून जाते. लगेच कोरड्या चिंध्या फिरवा. नरसाळे नसेल तर गरम पाण्यात भिजवलेल्या सुती चिंध्यांनी पुसले तरी चालते, फक्त जास्त वेळा.

आता थर. आधी काजळीचे सॉल्व्हंट (मळ विरघळवणारा द्रव) लावून थोडा वेळ मुरू द्या, ब्रश फिरवा, चिंधीने पुसा. काळे येणे कमी झाले की तांब्याचे, म्हणजे अमोनियायुक्त, सॉल्व्हंट. चिंधीवर निळा-हिरवा रंग आला तर तांबे सुटते आहे. काही वेळाने निळे थांबते, पण सफाई झाली असे समजू नका. खाली काजळीचा दुसरा थर लागलेला असतो. परत काजळीचे सॉल्व्हंट, परत तांब्याचे. वर्षानुवर्षांचा मळ एका बैठकीत निघत नाही, आणि काढायचा हट्टही नको. एक फसगत मात्र टाळा: सफाईच्या गजाला पितळी टोक किंवा ब्राँझचा ब्रश लावला तर त्याचेच तांबे विरघळून चिंधी निळी होते. तांब्याच्या फेरीला नायलॉनचा ब्रश घ्या.

अमोनियाचे सॉल्व्हंट बाटलीवर लिहिलेल्या वेळेपेक्षा जास्त ठेवू नका. रात्रभर तर नाहीच. खिडक्या उघड्या हव्यात. ब्लीचिंगच्या द्रवाशी ते मिसळले तर विषारी वायू होतो. दस्त्याच्या (रायफलीच्या लाकडी भागाच्या) पॉलिशवर थेंब पडला तर लगेच पुसा. काडतुसांजवळ ही बाटली ठेवूच नये: ब्रिटिश काळात हिंदुस्थानात पावसाळ्यात तबेल्यांजवळ साठवलेल्या काडतुसांची पितळी कवचे आपोआप तडकत, आणि कारण निघाले घोड्यांच्या मुतातला अमोनिया.

गज अखंड घ्या, तुकडे जोडणारा नको. जोडाच्या कडा नळीच्या आतले आटे (गोळीला फिरकी देणाऱ्या वळणदार खाचा) खरवडतात. बोल्ट निघणाऱ्या रायफलीत, मग ती ईशापूरची .३१५ असो की जुनी माउझर, गज नेहमी मागून घालावा. पुढून घातला तर नळीच्या तोंडाची कड झिजते, आणि गोळी सुटताना शेवटचा स्पर्श त्याच कडेचा असतो. ती एका बाजूला झिजली की नेम गेला. पुल-थ्रूची, म्हणजे चिंधी बांधून नळीतून ओढायची, दोरी तिरकी ओढल्यानेही हेच होते. ब्रश पूर्ण बाहेर निघाल्यावरच मागे घ्या, मध्येच उलटा फिरवू नका. आमच्या पाहण्यात गोळ्यांनी झिजलेल्या नळ्या कमी आणि सफाईने बिघडवलेल्या जास्त आहेत. पॉलिश पेपर, ड्रिल मशीनला लावलेला ब्रश, संडास साफ करायचे ॲसिड: हे सगळे प्रयोग करून लोक रायफल घेऊन येतात, आणि मग आमच्याही हातात फारसे काही राहत नाही.

मळ निघाल्यावर आत बारीक खड्डे दिसले तर ते गंजाने खाल्लेले पोलाद आहे. घासून भरून येत नाही. थोडे खड्डे असूनही कित्येक रायफली व्यवस्थित मारतात. पण चेंबरजवळ खोल खड्डे असतील, किंवा नळीत एके ठिकाणी गडद कडे दिसत असेल, तर बार काढू नका. ते कडे बहुधा फुगवट्याचे असते. आम्हाला दाखवा.

शेवटी तेलाचा अगदी पातळ हात. स्वयंपाकघरातले तेल नको. करडई आणि जवसाचे तेल सुकून चिकट पापुद्रा धरते, खोबरेल थंडीत गोठते. पुढे बार काढण्याआधी नळी आणि चेंबर कोरडे पुसायला विसरू नका. रायफल चामड्याच्या किंवा कॅनव्हासच्या खोळीत ठेवू नये, खोळ ओलावा धरते. कपाटात तोंड खाली करून उभी केली तर तेल दस्त्यात मुरत नाही. खंडेनवमीला पूजा जरूर करा, पण हळद-कुंकू आणि ओली फुले पोलादावर न ठेवता दस्त्यावर ठेवा आणि संध्याकाळीच सगळे पुसून काढा. दिवाळीनंतर येणाऱ्या कित्येक नळ्यांवर बोटांएवढे गंजाचे ठिपके असतात, ते त्या दिवशीचे. निवडणुकीच्या काळात शस्त्र जमा करावे लागले तर जमा करण्यापूर्वी तेल आणि परत मिळाल्या दिवशी सफाई.

रायफल आमच्याकडे परवानाधारकाने स्वतः आणावी. परवानाधारक हयात नसतील तर वारसांनी शस्त्र आधी पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे रीतसर जमा करावे आणि स्वतःच्या परवान्यासाठी अर्ज करावा. सफाईचे नंतर पाहू. येताना मूळ परवाना, रायफल आणि तिचाच बोल्ट आणा. काडतुसे घरी कुलपात राहू द्या.