मागचं लाल बटण

न्यू जर्सीत आठ वर्षं काढून मामेभाऊ पुण्याला परतला, तेव्हा सामानात त्याचा डेस्कटॉपही होता, स्वेटरांमध्ये गुंडाळून जपून आणलेला. तिकडची चपटी पिन आपल्या सॉकेटमध्ये जाईना, म्हणून कोपऱ्यावरच्या दुकानातून अ‍ॅडॅप्टर आणलं. बटण दाबलं आणि मागून ‘फट्’ असा आवाज आला. एमसीबी पडला. मग खोलीभर तो जळकट, खवट वास. मामी म्हणाली, “तिकडचा कॉम्प्युटर इकडच्या लाइटवर कसा चालेल रे?”

मामीचं निम्मंच खरं होतं. अमेरिकेत घरात १२० व्होल्ट येतात, आपल्याकडे २३०. पण मदरबोर्डला या दोन्ही आकड्यांशी काही घेणंदेणं नसतं. त्याला लागतात १२, ५ आणि ३.३ व्होल्ट, तेही डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणारे. ते पुरवण्याचं काम मागच्या पत्र्याच्या डबीचं, म्हणजे एसएमपीएसचं. जुन्या एसएमपीएसवर वायर खोचतो त्या जागेजवळ एक छोटं लाल बटण असतं. त्यावर ‘११५’ किंवा ‘२३०’ दिसतं. भावाच्या मशीनवर ११५ होतं आणि ते बघायचं कुणाला सुचलंच नाही.

या बटणामागची युक्ती मला फार आवडते. एसएमपीएस आधी घरात येणाऱ्या एसीचं, म्हणजे सतत दिशा बदलत हेलकावणाऱ्या विजेचं, डीसी करून ते दोन जाडजूड कपॅसिटरांत साठवतो. २३० व्होल्टच्या एसीचा माथा, म्हणजे हेलकाव्याचं सर्वांत उंच टोक, असतो ३२५ व्होल्टचा, आणि पुढची सगळी यंत्रणा साधारण तेवढ्यासाठीच बांधलेली असते. १२० व्होल्टचा माथा मात्र १७० वरच थांबतो. मग अमेरिकेत काय करायचं? बटण ११५ वर सरकवलं की दोन कपॅसिटरांच्या मधला सांधा थेट मेन्सच्या, म्हणजे भिंतीतून येणाऱ्या विजेच्या, एका तारेला जोडला जातो. विजेच्या अर्ध्या हेलकाव्यात वरचा कपॅसिटर भरतो, उरलेल्या अर्ध्यात खालचा. १७० अधिक १७०, झाले ३४०. एका तारेच्या जोडणीवर काम भागलं.

आता तेच बटण ११५ वर ठेवून २३० व्होल्ट दिले, तर प्रत्येक कपॅसिटरवर ३२५ व्होल्ट चढू लागतात, आणि त्याची ऐपत सहसा २०० व्होल्टचीच असते. आमचा एसएमपीएस उघडला तेव्हा फ्यूज काळा पडला होता आणि एका कपॅसिटरचं टोपण फुगून वर आलं होतं. त्या टोपणावर मुद्दाम फुलीसारख्या खाचा पाडलेल्या असतात; फुटायचंच झालं तर तिथून फुटावं म्हणून. मदरबोर्ड सुखरूप होता. नवा एसएमपीएस बसवला आणि मशीन पुढे चार वर्षं चाललं.

उलटी चूक निरुपद्रवी असते. २३० वर ठेवलेलं मशीन अमेरिकेत लावलं, तर फार तर सुरू होत नाही. वायर काढायची, बटण सरकवायचं, झालं.

हल्लीच्या बऱ्याच एसएमपीएसवर हे बटणच नसतं. लेबलवर ‘१००–२४०’ लिहिलेलं असतं. आत येईल तो दाब, म्हणजे व्होल्टेज, आधी ४०० व्होल्टच्या आसपास उचलून घेतला जातो. विजेचे हेलकावे सेकंदाला ५० (म्हणजे ५० सायकल) की ६०, यानंही फरक पडत नाही, कारण डीसी केल्यावर त्याचे पुन्हा सेकंदाला हजारो तुकडे पाडले जातात. त्यामुळेच आतला ट्रान्सफॉर्मर एवढासा पुरतो. जपानात तर १०० व्होल्ट आहेत, आणि टोकियोकडे ५० सायकल, ओसाकाकडे ६०. कारण एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस टोकियोने जर्मन जनित्रं घेतली, ओसाकाने अमेरिकन. कॉम्प्युटरला त्याचा पत्ताही लागत नाही.

सोबतच्या वस्तूंचं मात्र तसं नाही. लोखंडी ट्रान्सफॉर्मरचे १२० व्होल्टचे स्पीकर इकडे लावले तर जळतात. तिकडच्या लेझर प्रिंटरातला हीटर साध्या शेगडीसारखा असतो. दाब जवळजवळ दुप्पट झाला की उष्णता साडेतीन पटींहून जास्त होते. तिकडचा यूपीएस तर आणूच नये.

राहिलं ते अ‍ॅडॅप्टर. ते पिनेचा आकार बदलतं, व्होल्टेज नाही, आणि स्वस्तातल्या अ‍ॅडॅप्टरला बहुधा अर्थिंगही नसतं. एसएमपीएसच्या आत, मेन्सच्या दोन्ही तारा आणि पत्रा यांच्यामध्ये विजेतला गोंगाट गाळणारे बारके कपॅसिटर असतात. अर्थिंग नसलं की त्यांच्यामुळे सगळं कॅबिनेट अधांतरी, मेन्सच्या जवळपास निम्म्या दाबावर तरंगत राहतं. नव्या एसएमपीएसनंतरही भाऊ तेच अ‍ॅडॅप्टर वापरत होता. पेनड्राइव्ह लावताना बोटांना मुंग्या येतात, अशी तक्रार तो महिनाभर करत होता. कॉम्प्युटरच्या दुकानातून आपल्याकडची तीन पिनांची वायर आणून लावली आणि मुंग्या त्याच संध्याकाळी थांबल्या.