लाल हाताला चटका लवकर बसतो

भाजलेल्या रुग्णाचं ड्रेसिंग बदलताना पट्टी सोडवायची, मेलेली कातडी काढायची, जखम धुवायची. एरवी मॉर्फिनवर निभावतं, पण या वेळी तेही अनेकदा अपुरं पडतं. अमेरिकेत सिएटलच्या हार्बरव्ह्यू रुग्णालयात हंटर हॉफमन आणि डेव्हिड पॅटरसन या मानसशास्त्रज्ञांनी अशा रुग्णांच्या डोळ्यांवर हेडसेट चढवला. आत बर्फाची दरी, पेंग्विन, बर्फाची माणसं. आणि त्यांच्यावर बर्फाचे गोळे मारायचे. या आभासी जगाचं नाव ‘स्नोवर्ल्ड’. त्यात रमलेल्या रुग्णांनी वेदना बरीच कमी झाल्याचं सांगितलं.

यात नवल काय, असं कुणी म्हणेल. इंजेक्शन देताना ‘तो बघ काऊ’ म्हणणारी आई हेच करते. म्हणून २००४ मध्ये हॉफमन यांनी निरोगी माणसांच्या पायाला सोसवेल इतपत चटका देत त्यांच्या मेंदूचं एफएमआरआय केलं, म्हणजे मेंदूचा कोणता भाग कधी काम करतो हे मोठ्या चुंबकाच्या यंत्रात टिपलं. चुंबकात चालेल असा चष्मा त्यासाठी मुद्दाम बनवला होता. स्नोवर्ल्डमध्ये असताना थॅलॅमस, इन्सुला अशा वेदनेशी संबंधित भागांची हालचाल मंदावलेली दिसली. म्हणजे माणसं भिडेखातर ‘बरं वाटतंय’ म्हणत नव्हती.

मला मात्र याहून विलक्षण वाटतो तो बार्सिलोनातल्या मारिया सांचेझ-व्हिवेस यांच्या गटाचा २०१३चा प्रयोग. आपलं शरीर कुठवर, हे मेंदू दर क्षणी ठरवत असतो. १९९८ मध्ये बॉटविनिक आणि कोहेन या संशोधकांनी लपवलेला खरा हात आणि समोरचा रबरी हात एकाच वेळी ब्रशने कुरवाळला, तर लोकांना रबरी हातच आपला वाटू लागला. बार्सिलोनात रबराऐवजी आभासी हात होता. तो आपलासा वाटू लागला की त्याचा रंग बदलायचा आणि खऱ्या मनगटावरची उष्णता हळूहळू वाढवत न्यायची. ‘दुखलं’ असं वाटताच बटण दाबायचं. हात लालसर दिसत असला, की निळसर हाताच्या मानाने कमी तापमानालाच दुखू लागायचं. गंमत म्हणजे तोच लाल रंग हाताऐवजी शेजारच्या ठिपक्यावर दाखवला, तर तेवढा परिणाम होत नव्हता. रंग ‘माझ्या’ कातडीवर दिसायला हवा.

उपचारांत हे कितपत उतरेल? नोव्हेंबर २०२१ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे औषधं आणि उपचार-साधनं तपासणाऱ्या सरकारी संस्थेने, जुनाट कंबरदुखीसाठी घरी वापरायच्या एका व्हीआर (आभासी जगाच्या) कार्यक्रमाला मान्यता दिली. त्यात रंगीत हात नाहीत. श्वासाचे व्यायाम आणि मन शांत करण्याचं प्रशिक्षण आहे. चाचणीत ६६ टक्के लोकांची वेदना ३० टक्क्यांहून अधिक घटली. तुलनेसाठीच्या गटाने हेडसेटमध्ये नुसती सपाट चित्रफीत पाहिली होती. त्यातही ४१ टक्के लोकांना तेवढाच आराम पडला.