पाटण्याचा मठ ते धुळ्याचा तुरुंग

"शंकराचार्य किंवा कांट मुळातून कशाला वाचायचे? सारांश मिळतो की!" असं कॉलेजातली मुलं हल्ली विचारतात. प्रश्न प्रामाणिक आहे. त्याचं उत्तर शोधताना मला आपल्याच मुलखात मागे जावंसं वाटतं. अवघड ग्रंथ घेऊन बसायची सोय खान्देशाने एकदा नाही, अनेकदा केली आहे.

चाळीसगावजवळच्या पाटण्याचा शिलालेख त्यातला सर्वांत जुना दाखला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघणाचा ज्योतिषी. आजोबांचा 'सिद्धान्तशिरोमणी' आणि इतर ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्याने इथे मठ काढला आणि निकुंभ घराण्यातल्या सोइदेवाने त्याला दान दिलं. साल शके ११२८, म्हणजे इसवी सन १२०७. ग्रंथ गणित-ज्योतिषाचे, तत्त्वज्ञानाचे नव्हेत, पण एकट्याने वाचून उमगणारे नक्कीच नव्हेत. लेखाचा बराच भाग संस्कृतात आहे, मात्र मठाचा खर्च कसा चालायचा हे मराठीत कोरलंय. बाजारात विकल्या जाणाऱ्या मालावरचं राजाचं उत्पन्न मठाला, आणि तेलाच्या घाण्यांकडून पळीपळीने तेल. त्या तेलावर मठातले दिवे लागत असतील, असं मला ते वाचताना नेहमी वाटतं. तेल्याने सिद्धान्त वाचला नसेल, पण त्याचं तेल त्या अभ्यासाला लागलं.

त्याच शतकाच्या अखेरीस तापी-पूर्णेच्या संगमावर दुसरे चांगदेव, योगी चांगा वटेश्वर. ज्ञानेश्वरांना मायना काय लिहावा हे न सुचल्याने त्यांनी कोरंच पत्र पाठवलं, ही कथा घरोघर ठाऊक आहे. उत्तरादाखल आलेल्या ६५ ओव्या मात्र फार कमी घरांत वाचल्या जातात. पहिलीच ओवी घ्या:

स्वस्ति श्रीवटेशु । जो लपोनि जगदाभासु । दावी मग ग्रासु । प्रगटला करी ॥

तो लपतो तेव्हा जगाचा आभास दाखवतो, प्रगटतो तेव्हा तो आभास गिळून टाकतो. अर्थ दोन ओळींत सांगून झाला. पण आम्ही चौघे एका संध्याकाळी ही ओवी घेऊन बसलो, तेव्हा 'लपोनि'वरच अडलो. लपायचं तर कोणापासून? दुसरं कोणी आहेच कुठे? आमच्यातले एक निवृत्त शिक्षक म्हणाले, "मग लपणं आणि दिसणं ही एकाचीच दोन कामं झाली." त्यावर पुन्हा तासभर वाद. तो तास सारांशाने मला कधीच दिला नसता. माझ्यापुरतं मुलांच्या प्रश्नाचं उत्तर तिथे आहे.

आधुनिक काळात ही बैठक अमळनेरात भरली. गिरणीमालक प्रतापशेठ यांच्या आश्रयाने १९१६ साली तिथे तत्त्वज्ञान मंदिर ही अभ्याससंस्था उभी राहिली. कापसाच्या पैशावर वेदान्त आणि पाश्चात्त्य दर्शनांचा अभ्यास! मंदिराचं इंग्रजी त्रैमासिक तत्त्वज्ञानाच्या अभ्यासकांत देशभर ओळखलं गेलं. तत्त्वज्ञ जी. आर. मलकानी इथले, रासविहारी दास आणि टी. आर. व्ही. मूर्ती हे अभ्यासकही इथे राहून गेले. कृष्णचंद्र भट्टाचार्य यांचं 'द सब्जेक्ट ॲज फ्रीडम' १९३० मध्ये प्रसिद्ध झालं ते अमळनेरहून. विसाव्या शतकातल्या भारतीय तत्त्वज्ञानातलं हे अतिशय दाट पुस्तक, एकेक वाक्य तीनतीनदा वाचायला लावणारं. तालुक्याच्या गावाला केवढा हा मान! आज अमळनेरच्या बोरी नदीकाठच्या किती जणांना हे ठाऊक असेल, या विचाराने जीव हळहळतो.

साने गुरुजी अमळनेरला आले तेही याच मंदिरात अभ्यासासाठी. पण ते तिथे रमले नाहीत. १९२४ मध्ये ते प्रताप हायस्कूलात शिक्षक झाले. मुलं, छात्रालय, हेच त्यांचं जग बनलं. कोरड्या चर्चेचा कंटाळा खरा असतो, तो नाकारण्यात अर्थ नाही. ग्रंथ माणसांपासून तुटला की गुरुजींसारख्यालाही तो नकोसा होतो.

आणि तरीही आठ वर्षांनी ग्रंथाने त्यांना पुन्हा गाठलं. १९३२, धुळ्याचा तुरुंग. सत्याग्रहात पकडलेले विनोबा दर रविवारी एकेक करून गीतेचे अध्याय उलगडत होते. २१ फेब्रुवारीला पहिला, १९ जूनला अठरावा. समोर सत्याग्रही कैदी. ना मठ, ना गिरणीमालकाचा आश्रय. तत्त्वज्ञान मंदिर सोडून गेलेले गुरुजी तिथे बसून भराभर लिहून घेत होते. विनोबांची गीता-प्रवचनं आपल्या हाती आली ती त्या लेखणीमुळे.