लायसन्स रिहोस्ट

सर्व्हरचं हार्डवेअर बदललं की जुन्या मशीनला बांधलेली डेटाबेससारख्या सॉफ्टवेअरची लायसन्स की (म्हणजे ते वापरायची परवानगी देणारी फाइल किंवा नंबर) नव्या मशीनच्या नावावर करून घ्यावी लागते, त्या सगळ्या उपद्व्यापाला लायसन्स रिहोस्ट म्हणतात. मुंबईतल्या ऑफिसांत "की उडाली" असं म्हणायची पद्धत आहे पण ते चूक, की होती तशीच असते, मशीनची ओळख बदललेली असते. डेटाही जागेवरच असतो, फक्त डेटाबेस सुरू व्हायला नकार देतो नाहीतर सुरू होऊन मोजक्या दिवसांची मुदत देतो.

की बनवताना कंपनी त्यात मशीनचा होस्ट आयडी घालते आणि वर डिजिटल सही करते, म्हणून लायसन्स फाइल नोटपॅडमध्ये उघडून एक अक्षर जरी हलवलं तरी सही जुळत नाही आणि की बाद. होस्ट आयडी म्हणजे बहुतेक वेळा लॅन कार्डाचा मॅक ॲड्रेस, म्हणजे ४८ बिट, १२ हेक्स आकडे (० ते ९ आणि ए ते एफ). कुठे डिस्कचा व्हॉल्यूम सीरियल नंबर धरतात (हा विंडोजमध्ये नुसत्या फॉरमॅटनेही बदलतो, नवी डिस्क लागतच नाही), कुठे मदरबोर्डचा यूयूआयडी म्हणजे त्याचा स्वतःचा ओळख नंबर, कुठे होस्टनेमसुद्धा, म्हणजे मशीनला दिलेलं नाव. रॅम वाढवली, पॉवर सप्लाय बदलला तर सहसा काही होत नाही. मदरबोर्ड बदलला की मात्र बोर्डावरचं लॅन पोर्ट पण गेलं आणि यूयूआयडी पण गेला, दोन्ही एकदम. की तपासायला फ्लेक्सएलएम नावाचं टूल वापरणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये अशा वेळी उणे ९ नंबरची एरर येते, होस्ट चुकीचा. उणे ८८ आली तर प्रकरण वेगळं, सॉफ्टवेअरला वाटतंय घड्याळ कुणीतरी मागे केलंय, आणि नव्या बोर्डावर किंवा सीआर२०३२ सेल (घड्याळ चालू ठेवणारा नाण्यासारखा सेल) मेलेल्या बोर्डावर तारीख खरंच कुठल्या कुठे गेलेली असते, तेव्हा आधी बायोसमध्ये तारीख बघायची, मग बाकीचं.

सगळेच डेटाबेस हा त्रास देत नाहीत. पोस्टग्रेसला की नावाची भानगडच नाही. ओरॅकल डेटाबेसलाही की नसते, तिथे करार प्रोसेसरचे कोअर मोजून असतो, त्यामुळे ८ कोअरचा सर्व्हर काढून ३२ कोअरचा बसवला तरी सगळं गुपचूप चालतं आणि ऑडिटच्या दिवशी बिल येतं, जे मला विचाराल तर एररपेक्षा वाईट. मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेसची २५ अक्षरी की हार्डवेअरला बांधलेली नसते, २०१२ च्या आवृत्तीपासून हिशोब कोअरवर आला, आणि एकदा लायसन्स दुसऱ्या सर्व्हरवर नेलं की साधारण ९० दिवस परत हलवता येत नाही, हार्डवेअर कायमचं मेलं असेल तर सूट. एसएपी हाना हा डेटाबेस मात्र पक्का बांधलेला, त्याची लायसन्स की "हार्डवेअर की" नावाचा ओळख नंबर आणि सिस्टम आयडी या दोन्हीला जोडलेली. हार्डवेअर बदललं की पक्की की बाद होते आणि २८ दिवसांची तात्पुरती लागते, तेवढ्यात नवी टाकली नाही तर सिस्टम लॉक, मग लायसन्स टाकण्याचा अधिकार असलेल्यालाच आत शिरता येतं. लोक या २८ दिवसांना आराम समजतात. तो आराम नाही, उलटी गिनती आहे.

व्हर्च्युअल मशीनला (सॉफ्टवेअरने उभ्या केलेल्या मशीनला) हार्डवेअर नसतं म्हणून सुटलो असं वाटतं, पण ते चालवणारा व्हीएमवेअर विचारतो मशीन कॉपी केली की हलवली, आणि घाईत "कॉपी" दाबलं की नवा यूयूआयडी, नवा मॅक, की गेली. लिनक्सवर आणखी एक गंमत, जुनी लायसन्स टूल्स फक्त ईटीएच० नावाचं लॅन पोर्ट शोधतात, नव्या लिनक्समध्ये त्याच पोर्टाचं नाव ईएनपी अमुकतमुक असतं, मग होस्ट आयडी रिकामा येतो आणि माणूस विनाकारण कार्ड बदलत बसतो.

मुंबईत पार्टांची अडचण नसते, लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात शनिवारी संध्याकाळी बोर्ड मिळतो, रात्री सर्व्हर उभा. की सोमवारशिवाय मिळत नाही. त्यात कंपनी मागणार जुना होस्ट आयडी, खरेदीचं बिल आणि रजिस्टर केलेल्या ईमेलवरून विनंती, आणि तो ईमेल निघतो चार वर्षांपूर्वी नोकरी सोडून गेलेल्या माणसाचा (अंधेरीच्या एका ऑफिसात माझे दोन दिवस नुसता तो मेलबॉक्स परत उघडून घेण्यात गेले). २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिमी पाऊस पडला, तळमजल्यावर सर्व्हर ठेवलेल्यांचं अख्खं मशीनच पाण्यात गेलं, आणि बुडालेल्या मशीनचा होस्ट आयडी वाचणार कसा? म्हणून बोर्डाला हात लावायच्या आधी, खरं तर सर्व्हर घेतला त्याच दिवशी, होस्ट आयडी आणि लायसन्स फाइल दुसरीकडे उतरवून ठेवायची.

जुना मॅक ॲड्रेस नव्या कार्डावर सॉफ्टवेअरने चिकटवायचा जुगाड बऱ्याचदा चालतो, पण तो करारात बसत नाही, आणि बेकायदा प्रत जाणूनबुजून वापरली तर कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३बी मध्ये ७ दिवस ते ३ वर्षं कैद आणि ५०,००० ते २ लाख दंड आहे.

फोनवर होस्ट आयडी सांगताना सगळ्यात जास्त चुका होतात. हेक्समध्ये ए ते एफ एवढीच अक्षरं, म्हणजे "ओ" कधीच नसतो, दिसला तर तो शून्य. बी आणि डी मात्र फोनवर सारखेच ऐकू येतात म्हणून आमच्याकडे वेस्टर्न रेल्वेची स्टेशनं लावतात, अंधेरीचा ए, बांद्र्याचा बी, चर्नी रोडचा सी, दादरचा डी, एल्फिन्स्टनचा ई (२०१८ मध्ये त्याचं प्रभादेवी झालं तरी ई साठी दुसरं काही सुचत नाही), आणि एफचं स्टेशन नाही म्हणून फोर्ट.