निबंधातून विचार मोजण्याच्या प्रयत्नांची पार्श्वभूमी

राज्यसेवा मुख्य परीक्षेत बहुपर्यायी प्रश्नांऐवजी वर्णनात्मक पद्धत आणण्याच्या निर्णयावरून २०२३च्या सुरुवातीला पुण्यात उमेदवारांनी आंदोलन केले आणि महाराष्ट्र लोकसेवा आयोगाने नवी पद्धत २०२५पासून लागू करण्याचे जाहीर केले. त्या वादात तयारीला पुरेसा वेळ मिळावा हा मुद्दा मुख्य होता आणि तो रास्तही होता. मात्र त्यामागे एक जुना प्रश्न आहे: एखादा माणूस गुंतागुंतीच्या समस्येचा विचार कसा करतो, हे त्याने लिहिलेल्या उत्तरावरून खरोखर मोजता येते का?

या प्रश्नाला पहिला मोठा धक्का अमेरिकेत बसला. विस्कॉन्सिन विद्यापीठातील डॅनियल स्टार्च आणि एडवर्ड इलियट यांनी १९१२मध्ये इंग्रजीच्या दोन उत्तरपत्रिकांच्या प्रती अनेक माध्यमिक शाळांतील शिक्षकांकडे तपासणीसाठी पाठवल्या. १४२ शिक्षकांनी दिलेले गुण त्यांनी अभ्यासले, तेव्हा त्यांपैकी एकाच उत्तरपत्रिकेला शंभरपैकी ५०पासून ९८पर्यंत गुण मिळालेले दिसले. पुढच्या वर्षी भूमितीच्या उत्तरपत्रिकेत तर ही तफावत आणखी वाढली. वस्तुनिष्ठ चाचण्यांच्या बाजूने त्यानंतर जे वातावरण तयार झाले, त्यात अशा निष्कर्षांचा मोठा वाटा होता.

परीक्षकांचे मतभेद नेमके कशावरून होतात, याचा उलगडा बराच उशिरा झाला. अमेरिकेत परीक्षा तयार करणाऱ्या, प्रिन्स्टनच्या एज्युकेशनल टेस्टिंग सर्व्हिस या संस्थेत पॉल डायडरिक आणि सहकाऱ्यांनी १९६१मध्ये ३०० निबंध वेगवेगळ्या क्षेत्रांतील ५३ वाचकांकडून नऊ श्रेणींत तपासून घेतले. एकाही निबंधाला पाचांपेक्षा कमी वेगवेगळ्या श्रेणी मिळाल्या नाहीत. विश्लेषणातून मात्र वाचकांचे गट पुढे आले: कोणी कल्पनांना महत्त्व देत होते, कोणी व्याकरणाला, कोणी मांडणीला, कोणी शब्दकळेला, तर कोणी लेखनाच्या व्यक्तिमत्त्वाला. म्हणजे हा मतभेद निव्वळ बेशिस्तीचा नव्हता. ‘चांगला निबंध’ या एका नावाखाली प्रत्येक जण वेगळी गोष्ट मोजत होता. माझ्या मते या विषयाच्या इतिहासातील सर्वांत उपयोगी शोध हाच.

एकच गोष्ट निवडून तेवढीच मोजायची, हा मार्ग मानसशास्त्रज्ञांनी धरला. हॅरोल्ड श्रोडर, मायकेल ड्रायव्हर आणि सीगफ्रीड स्ट्रॉयफर्ट यांनी १९६७मध्ये मांडलेल्या पद्धतीत व्यक्तीला वाक्याची सुरुवात देऊन परिच्छेद पूर्ण करायला सांगतात आणि त्या लेखनाला एक ते सात गुण देतात. हे गुण मताला मिळत नाहीत, माहितीला किंवा भाषेला तर नाहीतच. ते विचाराच्या रचनेला मिळतात. समजा, धरणाविषयी लिहिताना एखाद्याने केवळ सिंचनाचा लाभ सांगितला, तर एक गुण. विस्थापितांची बाजूही तितकीच खरी आहे असे त्याने ओळखले, तर तीन. लाभ आणि विस्थापन एकमेकांशी कसे बांधलेले आहेत, कोणाचा फायदा कोणाच्या नुकसानीवर उभा आहे, हे त्याने उलगडले, तर पाच. आणि हे सारे संबंध एका व्यापक चौकटीत बसवून दाखवले, तर सात. मधले अंक संक्रमणाचे. प्रशिक्षित गुणदाते अशा मर्यादित प्रश्नावर बऱ्याच अंशी एकमत होऊ शकतात. त्यासाठी तज्ज्ञाच्या गुणांशी किमान ०.८५ इतका सहसंबंध (१ म्हणजे पूर्ण जुळणी) साधण्याची अट रूढ झाली.

पीटर स्यूडफेल्ड आणि फिलिप टेटलॉक या मानसशास्त्रज्ञांनी हीच मोजपट्टी भाषणांना आणि राजनैतिक पत्रव्यवहाराला लावली. १९७७च्या त्यांच्या अभ्यासात, युद्धात परिणती झालेल्या १९१४च्या संकटातील संदेशांपेक्षा शांततेने सुटलेल्या १९६२च्या क्युबा क्षेपणास्त्र संकटातील संदेश अधिक गुंतागुंतीचे आढळले. यातून विचाराची पातळी हा माणसाचा कायमचा गुणधर्म नसून ताण, घाई आणि प्रसंग यांनुसार ती खाली-वर होते, ही समजूत दृढ झाली. परीक्षागृहातील तीन तासांच्या लेखनाविषयी निष्कर्ष काढणाऱ्या प्रत्येकाने हे लक्षात ठेवायला हवे.

हे काम संगणकाकडे सोपवण्याचे प्रयत्नही जुने आहेत. एलिस पेज यांनी १९६०च्या दशकातच निबंधांची लांबी, शब्दांची सरासरी लांबी, स्वल्पविरामांची संख्या अशा बाह्य खुणांवरून गुण देऊन पाहिले. त्यात विचार कुठेच वाचला जात नव्हता.

विचाराच्या रचनेला एक ते सात गुण देण्याच्या पद्धतीचा सर्वांत कठोर कस टेटलॉक आणि सहकाऱ्यांनी १९९४मध्ये स्वतःच लावला. यादवी युद्धापूर्वीच्या अमेरिकेतील गुलामगिरीवरील लेखन त्यांनी तपासले, तेव्हा गुलामगिरीच्या कट्टर समर्थकांइतकेच तिचे निर्मूलन मागणारेही मोजपट्टीवर खाली राहिले आणि वरचे गुण मधल्या भूमिका घेणाऱ्यांना मिळाले. निर्मूलनवाद्यांची बाजू न्यायाची होती, याविषयी आज दुमत नाही. म्हणून ज्या परीक्षेला अशी मोजपट्टी वापरायची असेल, तिने उत्तरातील विचारांची रचना आणि निर्णयाची योग्यता यांचे गुण वेगवेगळे ठेवले पाहिजेत आणि ते तसे ठेवले आहेत, हे उमेदवारांना आधीच सांगितले पाहिजे.