‘गोळी बंद’, पण किती दिवस?

वॉरफरीन, म्हणजे रक्तात गुठळ्या होऊ नयेत म्हणून दिली जाणारी गोळी, 1948 मध्ये उंदरांचं विष म्हणून आलं आणि 1954 पासून माणसांना दिलं जाऊ लागलं. या गोळीवर असताना होणाऱ्या आतड्यातल्या रक्तस्रावावर पुढे बराच काळ एकच उपाय होता: शौच डांबरासारखी काळी झाली की गोळी बंद. डिस्चार्ज कार्डावर ‘रक्त पातळ करणारी गोळी बंद’ एवढंच. कधीपर्यंत, ती जागा कोरी. खरं तर या गोळीने रक्त पातळ होतच नाही, ते गोठायला जास्त वेळ लागतो. रक्तस्राव डोळ्यांना दिसतो. गोळी बंद असताना गुठळी होऊन तीन महिन्यांनी आलेल्या पक्षाघाताचा संबंध मात्र त्या कोऱ्या जागेशी क्वचितच जोडला जातो.

2012 आणि 2014 मध्ये जुन्या नोंदी चाळून केलेले दोन अभ्यास आले. वॉरफरीन पुन्हा सुरू केलेल्यांत मृत्यू आणि गुठळ्या कमी दिसल्या. सात दिवस थांबून सुरू केलं तर पुन्हा रक्तस्राव फारसा वाढला नव्हता. (डॉक्टर मुळात धडधाकट रुग्णालाच गोळी परत देतात, म्हणून आकडे चांगले दिसतात, हा आक्षेप रास्त आहे.) तेव्हापासून ‘सात दिवस’ तोंडात बसले. पण वॉरफरीनचा पूर्ण असर व्हायला पाचेक दिवस लागतात, म्हणजे सातव्या दिवशी सुरू केलेली गोळी खरी लागू पडते बाराव्या दिवसाच्या आसपास. 2010 नंतर रुळलेल्या नव्या गोळ्या दोन-चार तासांत काम करतात. त्यांना तोच आकडा जसाच्या तसा लावणं म्हणजे उसना हिशेब.

शिवाय नव्या गोळ्याही सारख्या नाहीत. डॅबिगॅट्रानचा मोठा डोस आणि रिव्हारोक्साबान यांत आतड्यातला रक्तस्राव वॉरफरीनपेक्षा जास्त आढळला, अपिक्साबानमध्ये नाही. म्हणून गोळी बंद करण्याआधी बदलता येईल का, हे पाहिलं जातं.

रक्तस्राव अल्सरमुळे असेल तर तो बरा होतो. वारंवार त्रास देतात त्या आतड्याच्या अस्तरातल्या नाजूक, फुगलेल्या रक्तवाहिन्या. 2001 पासून कॅप्सूल कॅमेऱ्याने त्या लहान आतड्यातही दिसू लागल्या. एक जाळली की दुसरीकडे नवी. अशा रुग्णाला लोहाची गोळी चालू असते, तिनेही शौच काळी होते, त्यामुळे रंगावर विसंबता येत नाही, हिमोग्लोबिनच पाहावं लागतं.

हृदयाची लय बिघडलेल्यांना हृदयाच्या डाव्या वरच्या कप्प्याला जोडलेली, जिथे गुठळ्या होतात ती छोटी पिशवी बंद करण्याचा पर्याय तरी आहे. हृदयात यांत्रिक झडप बसवलेल्यांना तोही नाही आणि नव्या गोळ्याही चालत नाहीत. त्यांच्यासाठी अजून वॉरफरीनच, आणि पुन्हापुन्हा आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते पाहणारी तपासणी.