सेन्सरवाली गाडी लवकर भंगारात जाते?

‘कार्ब्युरेटरची गाडी जन्मभर चालते, सेन्सरवाली पाच वर्षांत भंगार’ हा दुचाकींबद्दलचा मेसेज कितीतरी वर्षं फिरतोय. (कार्ब्युरेटर म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळणारा जुना यांत्रिक भाग.)

मुळात जुन्या गाडीतही इलेक्ट्रॉनिक्स होतंच. ठिणगीसाठीचा यांत्रिक स्विच, म्हणजे प्लॅटिनम पॉइंट जाऊन त्याच्या जागी सीडीआय हा इलेक्ट्रॉनिक डबा आला आणि पॉइंट घासून गॅप लावायची कटकट संपली. तेव्हा कुणी तक्रार केली नाही. 1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 हे प्रदूषणाचं मानक आलं, बहुतेक नव्या दुचाकींत कार्ब्युरेटर जाऊन फ्युएल इंजेक्शन बसलं, म्हणजे सेन्सरच्या मापानं पेट्रोल फवारणारी यंत्रणा. सेन्सर, पंप महाग आहेत आणि रस्त्यावर पाना-स्क्रूड्रायव्हरनं भागत नाही, एवढं खरं. पण ‘सेन्सर गेला’ म्हणून आलेल्या गाडीत कैकदा बॅटरी उतरलेली किंवा कपलरमध्ये, म्हणजे वायरी जोडणाऱ्या प्लगमध्ये, पाणी शिरलेलं निघतं. कोल्हापूरचा जुलैचा पाऊस आणि वॉशिंग सेंटरचं प्रेशर, दोन्ही कपलरच्या मुळावर!

चावी फिरवल्यावर इंजिनाचा पिवळा दिवा लागतो, गाडी सुरू झाली की विझतो. तो विझला नाही, तर बिघाडाची नोंद झालीय. उद्यमनगरातल्या गॅरेजमध्ये पार्ट बदलण्याआधी बॅटरीला मल्टिमीटर (व्होल्ट मोजायचं यंत्र) लावायला सांगा. इंजिन बंद असताना साधारण 12.5 व्होल्ट, चालू असताना 13.5 ते 14.5. कमी दाखवलं तर आधी बॅटरी आणि चार्जिंग बघा. मग कपलर सोडवून पिनांवर हिरवट गंज आहे का, तेही पाहा.